डांगराच्या फुलाचं लग्न

जव्हार-मोखाड्याहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तिकडे काय पाहिलंस?" राजवाडा पाहिला, दऱ्या पाहिल्या, असं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. खरं सांगायचं तर मी तिकडे भोपळ्याची फुलं पाहिली आणि त्यांनी माझी झोप उडवली. माझा स्वभाव तसाही दचकरा, पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढते. पण हा धक्का त्या जातीचा नव्हता, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, म्हणजे दर हळदीकुंकवाला नव्यानं सांगायला नको.

जायचं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ वसंता. जव्हारचं संस्थान विलीन झालं आणि मग त्या डोंगरांत पाड्यापाड्यांवर शाळा निघू लागल्या. त्यातल्या एका शाळेवर, सूर्यमाळेच्या अंगाला, हा पठ्ठ्या स्वखुशीनं मास्तर म्हणून गेला. वर्षभर घरी फिरकला नाही. आईनं धोशा लावला, "तू जाऊन बघ, पोरगं जेवतंय की नाही." मी ठाण्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही, तेव्हा घरातली असली कामं माझ्याच वाट्याला येतात. गौरी-गणपती उरकले, मी रजा टाकली आणि एस.टी.त बसले.

जव्हार

ठाण्याला घामानं जीव जात होता आणि जव्हारला उतरले तर दात वाजायला लागले. भाद्रपदात गारठा! शाल आणली नव्हती, म्हणून ट्रंकेतलं दुसरं लुगडं काढून खांद्यावर घेतलं. चहाच्या दुकानदारानं ते पाहिलं आणि न मागता माझ्या चहात आलं घातलं.

"राजाच्या वेळी या दिवसांत सुरतेची माणसं हवा खायला यायची," तो म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य 'राजाच्या वेळी'पासून सुरू होत होतं. मी विचारलं, आता काय फरक पडला? त्यानं जरा विचार केला. "आता अर्ज करायला लागतो," म्हणाला.

बाजारात एक म्हातारी काकड्या विकत होती. हातभर लांब, पोपटी, वर पावसाचे थेंब. मी भाव विचारला तर म्हणाली, "तू कठशी आलीस? नवरा कठं हाय तुझा?" मी चाट पडले. आमच्याकडे शेजारच्या कारकुनालाही अहो-जाहो करतात आणि इथे अनोळखी बाईला सरळ 'तू', वर नवऱ्याची चौकशी. नवरा नाही म्हटलं तर तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एक काकडी जास्त दिली. दया म्हणून की शाबासकी म्हणून, ते मला कळलं नाही. काकडी मात्र अशी गोड की मी ती रस्त्यातच उभ्यानं खाल्ली.

मोखाडा

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. वसंता मला न्यायला येणार होता, पण मी त्याला ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही नाही. "ताई" अशी हाक आली तेव्हा मी मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होते. आईनं पाहिलं असतं तर तिथेच मटकन खाली बसली असती. पण डोळ्यांत चमक होती, आणि बोलणं थांबता थांबेना. शाळा, मुलं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शाळेची बाग.

"असे वेल तू कधी पाहिले नसशील," तो म्हणाला. "नुसता जोम."

दोरीला ओवलेल्या जिवंत खेकड्यांची माळ एका बाईनं माझ्या नाकासमोर धरली. मी किंचाळले तसा अख्खा बाजार हसला. तिथून पुढे पायवाट. पहिल्याच ओढ्यात चप्पल वाहून गेली, दुसरी मी रागानं स्वतःच फेकून दिली. चढणीवर दोनदा घसरले. वसंता हसत होता, मी त्याला शिव्या देत होते, आणि भोवती इतकं हिरवं होतं की राग धरून ठेवणं कठीण जात होतं.

पाड्याच्या अलीकडे एका खाचराच्या कडेला पेंढ्याची खोपी होती. शेत राखायला माणूस बसतो तसली, चारी बाजूंनी उघडी. आत पन्नाशीची एक बाई चिंब होऊन बसली होती. वसंतानं नमस्कार केला. तिनं मान हलवली.

"ही जिवली," पुढे गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला. "इथली धवलेरी. आपल्याकडे लग्न भटजी लावतो ना, तशी इथे बाई लावते. गाणी म्हणून. तिनं गाणं म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी धरत नाही. निम्म्या पाड्याची लग्नं हिनं लावलीत."

बाईनं लग्न लावायचं! मला तर ऐकूनच आनंद झाला. "मग अशी पावसात का बसलीय?"

"यंदा सगळ्या पाड्याची डांगरं गळताहेत." डांगर म्हणजे आपला लाल भोपळा. "बोटाएवढी होतात, पिवळी पडतात, गळतात. पहिलं गळलं ते रावजी कारभाऱ्याच्या मांडवावरचं. आदल्या दिवशी जिवली त्या मांडवाखालून गेली होती. झालं. भुताळी आहे म्हणाले. तिची नजर डांगरं खाते म्हणे. घरातून काढलंय, या आठवड्यात भगत येईल, इथला देवऋषी. त्यानं नाव घेतलं की तिला मुलूख सोडावा लागेल. मारहाणही होते."

"एका डांगरासाठी?" मी विचारलं. भाताला अजून अवकाश, घराघरांतली नागली, म्हणजे नाचणी, संपत आलेली, या दिवसांत आणि पुढे हिवाळाभर डांगराचा आधार असतो, हे त्यानं मला समजावलं. त्यांची भीती मला कळली. पण एका एकट्या बाईला भर पावसात काढून द्यायचं? मग माझी विधवा आत्या आठवली. जन्मभर तिला शुभकार्यात मागच्या खोलीत बसवलं आम्ही. आमच्याकडे भुताळी म्हणत नाहीत, अपशकुनी म्हणतात. मी चालू लागले.

सूर्यमाळेच्या अंगाला

वसंताची खोली म्हणजे शाळेचाच कुडाचा कोपरा. त्यानं नागलीची भाकर थापली, चांगली थापली, आणि टोपभर भाजी समोर ठेवली. डांगराच्या फुलांची, लसूण-मिरचीवर परतलेली. मी भुकेली होते. दोनदा घेतली. तिसऱ्यांदा वाढताना परातीत उरलेली न चिरलेली फुलं दिसली. मोठी, पिवळीधमक, प्रत्येकाला लांब बारीक देठ. देठाखाली फुगीर गाठ एकालाही नाही.

मी एक फूल उचलून त्याच्यासमोर धरलं.

"वसंता, ही फुलं कुठली?"

"सगळ्या पाड्याची," तो अभिमानानं म्हणाला. "रोज उजाडताच, प्रार्थनेच्या आधी, मुलं घरोघर जाऊन वांझ फुलं खुडतात. ज्यांना फळ नसतं ती. उगाच वेलाचा रस खातात. आई नाही का तुळशीच्या मंजिऱ्या खुडत? रोप कसं जोम धरतं. आषाढापासून नेम घातलाय. मुलं मांडवावर चढून एकूण एक काढतात."

"अरे गाढवा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ती वांझ नाहीत. ते नर आहेत."

त्याला कळेना. तुळशीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि मंजिऱ्या आपण बी धरू नये म्हणूनच खुडतो. डांगराचं तसं नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. नराची पिवळी भुकटी मधमाशीनं मादीपर्यंत नेली तर फळ, नाहीतर ते बोटाएवढं बाळ पिवळं पडून गळणार. मी बोलत गेले तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं ताट बाजूला सारलं.

"म्हणजे मी," तो म्हणाला. "मीच गळवली."

भाऊ माझा, पण त्या वेळी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. "उद्या सगळ्यांसमोर सांगायचं," एवढंच म्हटलं. तो हो म्हणाला. शाळेत उद्यापासून कुणी मूल पाठवणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी हो म्हणाला.

सकाळी रावजी कारभाऱ्याच्या ओटीवर माणसं जमली. रावजी उंच, शांत, पाड्यात शेवटचा शब्द त्याचा. बायका कुडाच्या आडोशाला. वसंतानं सगळं सांगितलं, चूक माझी, फुलं मी खुडवली, जिवलीचा काही संबंध नाही. मला वाटलं, आता शिव्या बसणार, कदाचित मार.

रावजी त्याच्याकडे मायेनं बघत राहिला. "गुरुजी, तू लेकरू हायस," तो म्हणाला. "तुला बाईची दया आली. म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतंस."

मी थक्क झाले. कबुली दिली तर ती चांगुलपणाच्या खात्यात जमा! चूक करणाऱ्याला कुणी चूक मानायला तयार नाही आणि चूक न करणारीला उघड्यावर बसवलेली. रावजीचंही काही अगदीच खोटं नव्हतं. "फुलांची भाजी आमी बी खातो," तो म्हणाला. "हाताला लागतील ती खुडतो. त्यानं कधी डांगर गळलं नाय."

"हाताला न लागणारी वर राहत होती म्हणून," मी मध्येच बोलले. "यंदा वरची पण गेली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगणं भाग होतं. वर्गात मी हे परागण, परागनलिका, बीजांड अशा शब्दांच्या आड उभी राहून शिकवते, तरी मागच्या बाकावरच्या मुली पदराआड हसतात. इथे त्या शब्दांचा काय उपयोग? एक नर फूल आणि एक मादी फूल हातात घेतलं. कान गरम झाले होते.

"हा नवरा," मी म्हटलं. "ही नवरी. हिच्या पोटाशी ही गाठ दिसते ना, ते डांगराचं घर. आत बारीक बारीक बिया आहेत, पण अजून पोकळ. नवऱ्याची ही पिवळी भुकटी नवरीच्या ओल्या माथ्यावर पडली की एकेक कण रुजतो. त्याला केसाहून बारीक कोंब फुटतो. तो कोंब तिच्या अंगातून खाली उतरतो, थेट बीपर्यंत. त्यातून नवऱ्याकडचे दोघे जातात. एक जण बीतल्या अंड्याशी मिळतो, त्याचं होतं बाळ. दुसरा शेजारी मिळतो, त्याची होते त्या बाळाची शिदोरी. जितक्या बिया, तितके कण लागतात. आणि लग्नच लागलं नाही तर गाठ गळून पडते."

पुरुष खाली बघून हसत होते. आडोशामागच्या बायका मात्र पुढे सरकल्या. मग तिथून रावजीच्या बायकोचा, सखूचा आवाज आला. "दुसरा जातो तो फक्त शिदोरीसाठी?"

"हो. भाताचा दाणा आपण खातो ना, त्यातला बराचसा भाग त्या दुसऱ्याचाच. नागलीचा पण."

"आन त्याला सोताचं बाळ नाय?"

"नाही."

बायकांत कुजबूज झाली. रावजीनं ते फूल हातात घेतलं. "लगीन म्हणतंस," शेवटी म्हणाला, "तं धवलेरी पायजे. असंच कोणी बी लगीन लावत नाय." आणि मग त्यानं अट घातली. लग्न जिवलीनं लावायचं. डांगर धरलं तर ती घरी येईल. गळलं तर भगताची वाट बघायची गरज नाही, तिनं त्याच दिवशी निघायचं.

मी जीव तोडून सांगत होते, कुणीही लावलं तरी धरेल, सगळ्यांनी लावा. कोण ऐकतो? वसंता जिवलीला आणायला गेला. ती आली, अंगणाच्या कडेला उभी राहिली, ऐकून घेतलं. मला एकच म्हणाली, "बाय, पावसानं भुकटी धुतली तं?" तो प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लग्न लागलं की फुलाचं तोंड मिटून दोऱ्यानं बांधायचं असं ठरलं. संध्याकाळी मी रावजीच्या मांडवावर उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरून बांधून ठेवल्या. दोन मादी कळ्यांवर माझ्या रुमालाच्या पिशव्या चढवल्या. त्यांचं लग्न लावायचं नाही, त्या गळणार हे दाखवायला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिवली मांडवाखाली उभी राहिली. खुडणं बंद केल्यामुळे नर फुलं भरपूर उमलली होती. तिनं एक घेतलं, मी दाखवल्याप्रमाणे पाकळ्या मागे सारल्या आणि नवरीच्या माथ्यावर हलकेच फिरवलं. अशी चार लग्नं लावून फुलांची तोंडं दोऱ्यानं बांधली. ओठांतल्या ओठांत ती काहीतरी गात होती. बायका हळूहळू आडोशातून बाहेर येऊन बघत होत्या. मला वनस्पतिशास्त्राची पदवी आहे, प्रयोगशाळेत मी हे पाहिलंय, तरी तिच्याइतकं सराईतपणे मला जमलं नसतं. 

पुढचे दिवस मी जेवले काय आणि झोपले काय, मला सांगता येणार नाही. ऊठसूट मांडवाखाली जायचं आणि गाठीकडे बघायचं. वसंता मला चिडवायचाही विसरला होता. पिशवीतल्या दोन्ही पिवळ्या पडल्या आणि एका सकाळी खाली मिळाल्या. जिवलीच्या चारही फुगल्या. लिंबाएवढ्या झाल्या, मग पेरूएवढ्या, हिरव्यागार, टणक. मी अंगणातच रडले.

त्याच दिवशी भगत आला. वाळका म्हातारा, हातात सूप, सुपात तांदूळ. सगळा पाडा गोळा झाला. रावजीनं त्याला मांडवावरची डांगरं दाखवली, पिशवीतल्या गळून पडलेल्या गाठीही दाखवल्या. भगतानं सुपातले दाणे इकडून तिकडे सारले. शांतपणे म्हणाला, "मंग नक्कीच. हिच्या हातानं धरलं. जिच्या हातानं धरतं, तिच्याच नजरेनं गळतं. इतके दिस हिनं धरू दिलं नाय."

माझा पुरावा त्यानं उचलून जिवलीच्याच गळ्यात बांधला होता, आणि माणसं माना हलवत होती. वसंता पुढे झाला, ओरडून काही सांगू लागला, त्याला दोघांनी दंडाला धरून बसवलं. जिवली कोपऱ्यात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, निघायची तयारी करावी तसा.

तेवढ्यात सखू उठली. रावजीची बायको, जिला आडोशाबाहेर मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"माझ्या परसातल्या वेलाचं लगीन मी लावलं," ती म्हणाली. "जिवलीनं लावलं त्याच्या दुसऱ्या दिशी. माझी मीच. कोणाला सांगितलं नाय. ते बी धरलंय."

रावजी तिच्याकडे बघतच राहिला.

"मी बी लावलं," मागून कुणी म्हणाली. "आमच्या वेलाला दोन धरलीत." मग तिसरी उठली, मग एक म्हातारी, मग अंगावर पितं मूल असलेली एक पोर. सगळ्याजणी पहाटे गुपचूप आपापल्या मांडवाखाली जाऊन आल्या होत्या. मी इतके दिवस तिथे राहून मला पत्ता नाही.

"मंग आमी सगळ्याच भुताळी," सखू नवऱ्याला म्हणाली. "काढ आमाला."

रावजीनं भगताकडे मान वळवली. "बाबा, तुझ्या घरी डांगर हाय?"

"हाय."

"धरलंय?"

भगत घुटमळला. त्याचा पाडा लांब, तिथे वसंताची मुलं कधी गेली नव्हती. "धरलंय," म्हणाला.

"तुझ्या वेलाखालून बायको जाते का नाय? मंग ती बी भुताळी?"

भगतानं सुपातले दाणे गोळा केले आणि पाऊस वाढायच्या आत निघतो म्हणाला. रावजी उठून जिवलीसमोर गेला. "घरी ये," म्हणाला. "आमचं चुकलं." असं तो आधी कधी कुणाला म्हणाला असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं, पण म्हणाला. वसंताकडे बघून हसूही लागला. बायका जिवलीभोवती जमल्या. मी नाक पुसत उभी, मनातून अगदी फुलून गेलेली, की झालं, जिंकलं.

जिवली बायकांतून वाट काढत माझ्याकडे आली. माझा हात तिनं हातात घेतला. तिचा हात गार होता.

"बाय, डांगरं का गळली ते तू सांगितलंस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, रावजीला ऐकू जाईल इतका. "माझी दोन पोरं गेली. एक तापानं गेलं, एक नुसतं सुकत गेलं. तवा बी हेच बोलले, मीच खाल्ली म्हणून. मी बी तसंच धरून बसली इतकी वरसं." तिनं माझा हात सोडला नाही. "ती कशानं गेली, ते तुला सांगता येल का?"